पैसा पोचतो, पण येतो कुठून? केनियाचं एम-पेसा आणि कोकणची मनीऑर्डर

लोकलच्या गर्दीत आकडे नीट ऐकू येत नाहीत, अशी तुमच्यापैकी बऱ्याच जणांची तक्रार असते. म्हणून या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेलं "अं... म्हणजे..." गाळलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं ठेवलंय.

आज केनियात जायचंय. कारण सांगतो. मी पेमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि आमच्या क्षेत्रात कुठलंही प्रेझेंटेशन असो, दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवर केनिया येतोच. एक आफ्रिकन बाई, हातात साधा बटणांचा फोन, आणि खाली ओळ: मोबाईलने गरिबी कशी हटवली. समोरचे सगळे माना डोलावतात. मग स्लाइड बदलते.

ती स्लाइड खोटी आहे असं मी म्हणणार नाही. त्यात बरंचसं खरं आहे, आणि ते खरं खूप भारी आहे. पण त्याच देशात २०२४ च्या जूनमध्ये तुमच्या-माझ्या वयाची पोरं संसदेत घुसली. मोबाईलने गरिबी हटली असेल तर ती पोरं रस्त्यावर का होती? आजचा भाग या प्रश्नावर आहे.

आधी नाव. एम-पेसातला 'एम' मोबाईलचा. 'पेसा' हा स्वाहिली भाषेतला शब्द, अर्थ पैसा. ऐकायला आपलाच वाटतो ना? बहुतेक अभ्यासकांच्या मते तो आपल्याकडूनच तिकडे गेला. इंग्रजांच्या काळात पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत चक्क रुपया चालायचा, आणि मोम्बासाहून निघालेली रेल्वे बांधायला हजारो हिंदुस्थानी मजूर नेले होते. असो, हा वेगळ्या भागाचा विषय आहे.

आता केनियाला जायच्या आधी पाच मिनिटं कोकणात थांबू. तुमचं गाव रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात असेल तर हे घरात ऐकलं असेलच. आजोबा-पणजोबा मुंबईत गिरणीत, घरची माणसं गावी. चाकरमानी लालबाग-परळच्या खोलीत दहा-पंधरा जणांत झोपायचा, खानावळीत जेवायचा आणि पगार झाला की पोस्टात जाऊन मनीऑर्डर करायचा. पोस्टाचं कमिशन २० रुपयांमागे १ रुपया, म्हणजे ५ टक्के. गावात पोस्टमन आला की आजीचा अंगठा, नोटा हातात, आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळींचा निरोप. शाळेची फी, दुकानदाराची उधारी, घराची कौलं, सगळं त्यातून. म्हणून तर कोकणाला मनीऑर्डरवर चालणारा मुलूख म्हणायचे.

हे चित्र डोक्यात ठेवा. गिरणीच्या जागी नैरोबी, कोकणाच्या जागी पश्चिम केनियातलं किसुमूच्या आसपासचं एखादं खेडं घाला. नवरा शहरात वॉचमन, गवंडी किंवा मताटूवर कंडक्टर (मताटू म्हणजे तिथली वडाप समजा). बायको, पोरं, आई गावी. फरक एवढाच की २००७ च्या आधी तिथे पैसे पाठवायची सोय फार वाईट होती. पोस्टाची सेवा होती, पण गावापासून लांब, आणि तिथे रोकड असेलच याची खात्री नाही. बँकेचं तर बोलायलाच नको. २००६ च्या सर्वेक्षणात बँक वगैरे औपचारिक आर्थिक सेवा वापरणारे प्रौढ २७ टक्क्यांच्या आसपास होते. मग लोक काय करायचे? गावाकडे निघालेल्या बसच्या ड्रायव्हरकडे पाकीट द्यायचे. किंवा ओळखीच्या माणसाकडे. पाकीट पोचलं तर पोचलं.

एम-पेसाची सुरुवात मात्र यासाठी झालीच नव्हती, आणि मला ही गोष्ट फार आवडते. व्होडाफोनमधल्या निक ह्यूज आणि सूझी लोनी यांनी ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याचा निधी घेऊन २००५ मध्ये एक छोटा प्रयोग केला. उद्देश होता बचत गटासारख्या सूक्ष्म कर्जांचे हप्ते मोबाईलवरून भरायचा. काहीशे कर्जदारांना फोन दिले. बघतात तर काय, लोक हप्ते भरत होतेच, पण एकमेकांनाही पैसे पाठवत होते. प्रवासाला निघताना इथे पैसे जमा करून तिकडे उतरल्यावर काढत होते, म्हणजे वाटेत लुटले जायची भीती नाही. कंपनीने हप्त्यांची गोष्ट बाजूला ठेवली आणि मार्च २००७ मध्ये सफारीकॉमने देशभर सेवा आणली. जाहिरातीचं वाक्य साधं होतं: घरी पैसे पाठवा. मनीऑर्डर! वर्ष संपायच्या आत दहा लाखांहून जास्त ग्राहक झाले.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती समजली की पुढचं सगळं समजतं. इंटरनेट लागत नव्हतं, स्मार्टफोन लागत नव्हता. सिमकार्डातच एक छोटा मेन्यू होता. समोरच्याचा नंबर, रक्कम, पिन. ही माहिती सांकेतिक एसएमएसच्या रूपात जायची आणि दोघांच्या खात्यात नोंद बदलायची. सर्व्हर कुठे होते माहितीये? कित्येक वर्षं जर्मनीत. ते केनियात आणले २०१५ मध्ये. म्हणजे किसुमूच्या भाजीवालीने शेजारणीला दिलेल्या शंभर शिलिंगची नोंद युरोपला जाऊन यायची.

आणि खरे पैसे? ते बँकेत एका विश्वस्त खात्यात पडून असायचे. फोनवर दिसतो तो फक्त आकडा. कंपनीला त्या पैशाला हात लावता येत नाही. याच अटीवर केनियाच्या मध्यवर्ती बँकेने 'आमची हरकत नाही' असं पत्र दिलं होतं.

पण एम-पेसा ज्याच्यामुळे चाललं ते सॉफ्टवेअर नव्हतंच. (आमच्या जमातीला हे ऐकायला आवडत नाही.) ते चाललं एजंटांमुळे. टपरीवाला, किराणावाला, औषधाचा दुकानदार. आज देशात असे दोन लाखांहून जास्त एजंट आहेत. तुम्ही त्याला नोटा द्या, तो तुमच्या फोनवर आकडा देतो. आकडा द्या, नोटा देतो. सोपं वाटतं. आता डोकं चालवा. शहरातले सगळे पैसे पाठवतात, गावातले सगळे पैसे काढतात. म्हणजे नैरोबीच्या एजंटकडे दिवसअखेर नोटांचा ढीग आणि फोनवर आकडा शून्य. गावातल्या एजंटकडे बरोबर उलटं: आकडा भरपूर, गल्ल्यात नोटा नाहीत. दुपारी कुणी बाई पैसे काढायला आली तर "उद्या या". मग हे जुळवायचं कसं? कुणीतरी बसने जवळच्या गावातल्या बँकेत जातो आणि नोटांची पिशवी घेऊन परत येतो. एसएमएस दोन सेकंदांत जर्मनीला जाऊन यायचा, नोटा मात्र बसनेच जायच्या.

आता यातून झालं काय? दोन अभ्यास सांगतो. दोन्ही तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांचे.

पहिला २०१४ चा. त्यांनी विचारलं, घरावर संकट आलं की काय होतं? आजारपण, नोकरी जाणं, पीक बुडणं. ज्या घरांत एम-पेसा नव्हतं, तिथे अशा वेळी घरखर्च सरासरी ७ टक्के कमी करावा लागला. ज्यांच्याकडे होतं, त्यांच्या खर्चात घट दिसली नाही. का? कारण मोम्बासाचा मामा, नैरोबीचा भाऊ, कुठली तरी मैत्रीण, सगळ्यांनी थोडे थोडे पाठवले. पूर्वी पाठवणंच महाग आणि धोक्याचं होतं, म्हणून मदत यायची ती जवळच्यांकडूनच. ७ टक्के ऐकायला लहान वाटतं. पण आधीच दोन वेळचं जेमतेम भागणाऱ्या घरात ७ टक्के म्हणजे पोराची शाळा सुटणं किंवा शेळी विकणं.

दुसरा २०१६ चा, 'सायन्स' या नियतकालिकातला. स्लाइडवरचा आकडा यातला आहे. एम-पेसामुळे सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबं, म्हणजे केनियातली २ टक्के घरं, गरिबीतून वर आली. आणि सुमारे १ लाख ८५ हजार स्त्रिया शेती सोडून छोट्या धंद्यात आल्या. स्त्रियांचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रोख पैसा घरात असला की तो सगळ्यांचा होतो. फोनवरचा पिन मात्र तिचा एकटीचा.

बरं, म्हणजे स्लाइड बरोबरच आहे की! थांबा.

२०१९ मध्ये मिलफर्ड बेटमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या निष्कर्षांवर बरीच टीका केली. त्यांचा एक मुद्दा मला पटतो. धंदे सुरू झाले हे मोजलं. बंद किती पडले? आणि नव्या टपरीमुळे शेजारच्या टपरीचं गिऱ्हाईक किती फुटलं? केनियात भाजीवालीला 'मामा म्बोगा' म्हणतात. (स्वाहिलीत मामा म्हणजे आई, गोंधळू नका.) एका वस्तीत पाच मामा म्बोगा आहेत. वस्तीतल्या लोकांची कमाई तेवढीच आहे, म्हणजे भाजीवर होणारा खर्चही तेवढाच. आणखी पाच जणींनी टोपल्या मांडल्या तर भाजी दुप्पट खपत नाही. तेवढ्याच गिऱ्हाइकांत दहा वाटे पडतात.

इथे एक गणित सांगतो. हे आपल्याकडच्या बातम्या वाचतानाही उपयोगी पडेल. "देशाच्या जीडीपीच्या निम्म्याएवढा पैसा एम-पेसावरून वाहतो" अशा छापाचं वाक्य तुम्ही वाचलं असेल. माझ्याकडे १०० रुपये आहेत. मी आईला पाठवले. आईने दुकानदाराला दिले, त्याने कामाच्या पोराला, पोराने त्याच्या बहिणीला. व्यवहार ४०० रुपयांचा झाला. कमाई? आईला मी पाठवलेले आणि बहिणीला मिळालेले, दोन्हीत नवीन काहीच बनलं नाही. दुकानदाराने काही विकलं, पोराने काही काम केलं, तेवढंच. पाइपातून किती पाणी वाहिलं हा एक आकडा आणि विहिरीत किती पाणी आहे हा दुसरा. पाइप बनवणारे लोक नेहमी पहिला सांगतात. मीही पाइपवालाच आहे, म्हणून मला ठाऊक.

परत कोकणात या. मनीऑर्डरने गाव जगवलं, पण मनीऑर्डरमध्ये पैसा तयार होत नव्हता. तो गिरणीत, साच्यावर, पाळीच्या कामात तयार होत होता. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांसाठी गिरणी परत कधी नीट उघडलीच नाही. पोस्टाची व्यवस्था तीच होती, पोस्टमन तोच होता. गावी जाणाऱ्या मनीऑर्डरीच कमी झाल्या. त्या काळी पोस्टाने सेकंदात पैसे पोचवणारं यंत्र आणलं असतं तरी काय झालं असतं?

केनियाची गिरणी कुठे आहे, हा खरा प्रश्न. तर त्यांच्याकडेही कापडगिरण्या होत्या. किसुमूत होती, एल्डोरेटमध्ये होती, आणि गावागावांत कापूस पिकवणारे शेतकरी होते. १९९० च्या दशकात जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या अटींवर बाजार खुला झाला, आयातीवरचे निर्बंध गेले, आणि युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी टाकून दिलेले कपडे गठ्ठ्यांनी यायला लागले. त्यांना 'मितुंबा' म्हणतात. नैरोबीचा गिकोम्बा बाजार त्यावरच चालतो. जुना शर्ट इतका स्वस्त की नवा शर्ट विणणाऱ्या गिरणीने टिकायचं कसं? सगळा दोष मितुंबाचा नाही. वीज महाग होती, यंत्रं जुनी होती, कारभारही धड नव्हता. पण परिणाम हाच: गिरण्या बंद, आणि मितुंबा विकणाऱ्यांची पोटं त्याच जुन्या कपड्यांवर. आता बंदी घातली तर लाखो फेरीवाले उपाशी, नाही घातली तर गिरणी उभी राहत नाही. विकासाचे प्रश्न असे असतात. ट्विटरवर सुटत नाहीत.

आजही केनियाच्या जीडीपीत कारखानदारीचा वाटा आठ टक्क्यांच्या आत-बाहेर आहे. निर्यात कशाची? चहा आणि नैवाशा सरोवराकाठी पिकणारी गुलाबाची फुलं. २०१९ च्या जनगणनेत लोकसंख्या ४ कोटी ७६ लाख, आणि पगारपत्रक असलेल्या नोकऱ्या जेमतेम तीस लाखांच्या घरात. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२३ मध्ये साधारण साडेआठ लाख नवे रोजगार तयार झाले. त्यातले सात लाखांहून जास्त 'जुआ काली'. जुआ काली म्हणजे तळपतं ऊन. उन्हात बसून पत्रे ठोकणारे, गाड्या दुरुस्त करणारे, भाजी विकणारे. ना पगाराची हमी, ना पेन्शन, ना आजारपणाची रजा. दरवर्षी कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं यांतच मिसळतात. डिग्री हातात, आणि काम मोटारसायकलवर सवारी नेण्याचं.

मग अशा देशात, जिथे फोनवर पैसे फिरवायची झकास सोय आहे पण कमाई अनिश्चित आहे, तिथे पुढचा धंदा कुठला सुचेल? बरोबर. कर्ज.

२०१२ च्या नोव्हेंबरमध्ये एम-श्वारी आलं. फोनवर बचत आणि कर्ज. ३० दिवसांच्या कर्जाला ७.५ टक्के 'शुल्क'. व्याज म्हणायचं नाही, शुल्क म्हणायचं. महिन्याला साडेसात, म्हणजे वर्षाला ९०. मग आली ॲपवाली कर्जं. आणि जानेवारी २०१९ मध्ये फुलिझा. फुलिझा म्हणजे 'चालू ठेव'. खात्यात ३०० शिलिंग आहेत आणि द्यायचेत ५००? हरकत नाही, वरचे २०० कंपनी देते. आणि तुमच्या खात्यात पुढचे पैसे आले की आपोआप कापून घेते. सफारीकॉमच्याच आकड्यांवरून हिशेब केला तर काही वर्षांत फुलिझावरून रोज सरासरी एक अब्ज शिलिंगहून जास्त उचल व्हायला लागली. याच्याकडे दोन नजरांनी बघता येतं. मामा म्बोगा पहाटे घाऊक बाजारात माल उचलते, संध्याकाळी विकून फेडते. तिला हे सोयीचं आहे, सावकारापेक्षा स्वस्तही. पण एखाद्याचा पगारच महिनाअखेरपर्यंत पुरत नसेल, तर त्याच्यासाठी 'चालू ठेव'चा अर्थ वेगळा होतो. गावाहून आलेले पैसे फोनवर उतरायच्या आत कापले जातात.

२०१८ च्या सुमारास मायक्रोसेव्ह संस्थेने एक आकडा मांडला होता: मागच्या तीन वर्षांत २७ लाख केनियन लोक कर्जबुडव्यांच्या यादीत गेले. त्यातले ४ लाख तर दोन डॉलरपेक्षाही कमी रकमेसाठी. दोन डॉलर! म्हणजे एका वडापाव-चहाच्या पार्टीची रक्कम थकली म्हणून पुढे कुठलीच बँक दारात उभं करणार नाही. एप्रिल २०२० मध्ये मध्यवर्ती बँकेने हजार शिलिंगपेक्षा लहान कर्जांसाठी नाव यादीत टाकणं थांबवलं, आणि २०२१ च्या अखेरीस ॲपवाल्या सावकारांना परवान्याखाली आणणारा कायदा झाला. तोवर ही ॲप फोनमधले सगळे नंबर उचलून नातेवाइकांना, साहेबांना फोन करून बेइज्जत करायची. आपल्याकडे हेच झालं, माहितीच आहे. रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांचे नियम सप्टेंबर २०२२ मध्ये काढले. तुमच्या फोनमध्ये असं एखादं ॲप असेल तर ते कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागतंय का, एवढं आत्ता बघा. मी थांबतो.

सट्ट्याचंही तसंच. दोन सेकंदांत पैसे भरता येतात म्हटल्यावर फुटबॉलवरचा सट्टा घराघरात गेला. स्पोर्टपेसा ही तिथली सट्ट्याची कंपनी इतकी मोठी झाली की २०१७ मध्ये इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबच्या शर्टवर तिचं नाव आलं. म्हणजे नैरोबीच्या पोरांनी हरलेले शिलिंग लिव्हरपूलच्या मैदानावर झळकत होते. २०१९ मध्ये सरकारने कराच्या वादावरून परवाना रोखला.

आता सरकारकडे येऊ. सरकारला पैसे हवे होते. रस्ते, रेल्वे, वीज, सगळं एकदम उभं करायचं होतं, आणि ही इच्छा चुकीची नव्हती. वीज बघा: काही दशकांपूर्वी बहुतांश घरं अंधारात होती, आज साधारण तीन-चतुर्थांश लोकांना वीज आहे, आणि त्यातली बरीचशी ओल्कारियाच्या जमिनीतल्या उष्णतेपासून बनते. हे मोठं काम आहे आणि स्लाइडवर कधीच येत नाही. पण सोबत मोम्बासा ते नैरोबी साधारण पावणेपाचशे किलोमीटरची रेल्वे चिनी कर्जावर बांधली, जी २०१७ मध्ये सुरू झाली. ती युगांडापर्यंत नेऊन मालवाहतूक वाढवायचं गणित होतं, ती नैवाशाजवळ थांबली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय बाजारातून २ अब्ज डॉलर उचलले, जे जून २०२४ मध्ये फेडायचे होते. ते फेडण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये दीड अब्ज डॉलरचं नवं कर्ज काढलं, दहा टक्क्यांहून जास्त दराने. एक हप्ता भरायला दुसरं कर्ज. फुलिझाच की! फक्त देशाचं.

कर्ज फेडायला कर हवा. कर कुणावर? जुआ कालीच्या माणसाकडे ना पगारपत्रक ना रिटर्न. पण तो एक गोष्ट रोज करतो, फोनवरून पैसे पाठवतो. तिथे प्रत्येक व्यवहार नोंदलेला, कापायला सोपा. म्हणून पैसे पाठवण्याच्या शुल्कावर २०१३ पासून १० टक्के कर, २०१८ मध्ये १२, २०२३ मध्ये १५. आणि २०२४ च्या वित्त विधेयकात तो २० टक्के करायचा प्रस्ताव होता. सोबत पावावर, खाद्यतेलावर, गाड्यांवर. ज्या पाइपाने गरिबांना जोडलं, तोच सरकारला वसुलीसाठी सगळ्यात सोयीचा ठरला. याचं मला एक इंजिनिअर म्हणून नवल वाटत नाही. जे मोजता येतं त्यावरच शुल्क लावता येतं.

अध्यक्ष विल्यम रुटो २०२२ मध्ये निवडून आले होते 'हसलर'च्या नावाने, म्हणजे रोज खटपट करून पोट भरणाऱ्यांचा माणूस म्हणून. आल्या आल्या हसलर फंड काढला, तोही फोनवरचं छोटं कर्ज. लोकांनी त्यांना नाव ठेवलं झकायो, बायबलमधला कर वसूल करणारा. जून २०२४ मध्ये पोरांनी विधेयक वाचलं, टिकटॉकवर समजावलं, स्थानिक भाषांत भाषांतरं फिरवली, झेलो ॲपवर बोलून रस्त्यावर जमली. ना पक्ष, ना जमातीचा पुढारी, आणि केनियाच्या राजकारणात ही नवी गोष्ट होती. २५ जूनला जमाव संसदेत घुसला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी रुटोंनी विधेयक मागे घेतलं. १ जुलैपर्यंत देशाच्या मानवाधिकार आयोगाने ३९ मृत्यू नोंदवले होते. जखमींच्या औषधपाण्याची आणि अंत्यसंस्कारांची वर्गणी कशावरून जमली असेल? फोनवरूनच.

ही वर्गणीची पद्धत जुनी आहे. तिला 'हरांबे' म्हणतात, सगळ्यांनी मिळून ओढायचं. देशाच्या राजचिन्हावर हा शब्द आहे. आज कुणी आजारी पडलं की व्हॉट्सॲप ग्रुप बनतो आणि नंबर फिरतो. सुरी-जॅकच्या पहिल्या अभ्यासात जी मदत दिसली, ती हीच. पण हा विमा गरिबांनी गरिबांना दिलेला आहे. एका घरात आजारपण आलं तर वीस घरं उचलतात. दुष्काळ पडला, किंवा कोव्हिडसारखं शहरातलं काम एकदम थांबलं, तर वीसही घरं एकाच वेळी मागणारी होतात. त्या दिवशी फोन कितीही भारी असला तरी पाठवायला कुणाकडे काही नसतं. तिथे सरकारी दवाखाना, रेशन, रोजगार हमी असलं काहीतरी लागतं, आणि त्यासाठी तिजोरीत पैसे लागतात, आणि त्यासाठी कर देऊ शकणारी कमाई लागते. फिरून गिरणीशीच आलो.

शेवटी तुमच्यातल्या काहींच्या डोक्यात असलेला प्रश्न घेतो: आपलं यूपीआय आणि हे एकच का? नाही. व्होडाफोनने एम-पेसा २०१३ मध्ये भारतातही आणलं होतं, २०१९ मध्ये गुंडाळलं. २०१६ ला यूपीआय आलं. एम-पेसा एका कंपनीचं बंद घर म्हणून उभं राहिलं. सुरुवातीच्या काळात पाठवायला ३० शिलिंग आणि काढायला किमान २५, म्हणजे हजार शिलिंगवर साडेपाच टक्के, आपल्या मनीऑर्डरपेक्षा थोडं जास्तच. यूपीआय कुठल्याही बँकेतून कुठल्याही बँकेत जातं आणि आपल्याला फुकट पडतं. पाइप म्हणून आपला जास्त चांगला आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण महिन्याला अमुक लाख कोटींचे व्यवहार झाले अशी बातमी आली की १०० रुपयांचे ४०० कसे झाले ते आठवा, आणि त्याच पानावर कारखान्यातल्या नोकऱ्यांचा आकडा कुठे छापलाय का ते शोधा. बहुतेक वेळा आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात सापडतो.

पुढच्या भागात मितुंबा. तुम्ही भांडेवालीला दिलेली जुनी जीन्स, पानिपतला जाणारे जुन्या लोकरीचे गठ्ठे आणि गिकोम्बाचा बाजार, हे सगळं एकाच साखळीत कसं येतं ते बघू. मितुंबाच्या धंद्याबद्दल काही विचारायचं असेल तर आवाजी मेसेज पाठवा, पण दोन मिनिटांच्या आत. मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांचा पाठवला होता. चला, भेटू.